ट्रेकसाठी गॅसचा स्टोव्ह घेताय? या चुका टाळा

हरिश्चंद्रगडावर आम्ही एकदा आठ जणांची खिचडी तळहातावर मावणाऱ्या स्टोव्हवर चढवली होती. पाच लिटरचं पातेलं, खाली तीन काटकुळे पाय आणि त्याखाली उभा गॅसचा डबा. ढवळायला डाव घातला आणि निम्मी खिचडी कातळावर. स्टोव्हचा काही दोष नव्हता, आम्हीच भलता घेतला होता.

दुकानात सगळे विचारतात, पाणी किती मिनिटांत उकळतं? त्याआधी विचारा, यावर पातेलं केवढं बसतं? डब्याच्या डोक्यावरच बसणारा स्टोव्ह एका-दोघांच्या चहा-मॅगीपुरता, फार तर दीड लिटरच्या टोपाचा. चारपेक्षा जास्त माणसांचा स्वयंपाक असेल तर नळीचा घ्या. त्यात बर्नर जमिनीलगत, पाय रुंद आणि डबा बाजूला राहतो. ओझं थोडं वाढतं, पण खिचडी पोटात जाते.

दुसरी चूक डब्याच्या तोंडाची. बुटक्या डब्याला आटे असतात. टेबलावरच्या शेगडीत आडवा बसतो तो लांबट डबा बिनआट्यांचा. एकाचा स्टोव्ह दुसऱ्यावर बसत नाही, म्हणून आधी आपल्या गावात कोणता डबा मिळतो ते बघा, मग स्टोव्ह. दोन तोंडं जुळवणारा अडॅप्टर लावून लांबट डबा आडवा वापरणार असाल तर त्याच्या कडेची खाच वर ठेवा. ती खाली गेली की वायूऐवजी द्रवरूप गॅस बर्नरपर्यंत पोचतो आणि पिवळा भडका उडतो.

वाऱ्याचा हिशेब तर कुणीच करत नाही. वारा नसेल तर लिटरभर पाण्याला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस पुरतो. कड्यावर, भन्नाट वाऱ्यात, दुप्पट जळूनही पाणी कोमटच. त्यावर उपाय म्हणून काही जण डोक्यावरच्या स्टोव्हला पत्र्याचं कडं डब्यासकट गुंडाळतात. हे कधीच करू नका. आतली उष्णता डब्याला लागते आणि डबा फुटू शकतो. दगडाचा आडोसा वाऱ्याच्या बाजूनेच करा आणि डब्याला अधूनमधून हात लावून बघा. गरम लागला की बंद. कडं हवंच असेल तर नळीचा स्टोव्ह घेऊन ते फक्त बर्नरभोवती लावा. तंबूत मात्र कोणताच स्टोव्ह पेटवू नका: आग लागते ती दिसते तरी, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही.

पहाटे ज्योत मरगळली तर डबा संपला असं समजून फेकू नका. सह्याद्रीत बर्फ पडत नाही हे खरं, पण गॅसची वाफ होताना डबा स्वतःच गार पडत जातो, आणि डब्यातला साधा ब्युटेन गॅस उणे ०.५ अंशाच्या खाली वाफ होणं सोडतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घ्या, सकाळी ताटलीत कोमट पाणी ओतून त्यात उभा करा. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं, उकळतं नाही. हिमालयात जायचं असेल तर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेलाच डबा घ्या. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला.

डबा लावताना हातानेच आवळा, पक्कड नको. फुसफुस ऐकू आली तर रबरी रिंग तपासा, सांध्याला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तर पेटवू नका. खटक्याने पेटणाऱ्या स्टोव्हवर भरवसा ठेवू नका, लायटर जवळ असू द्या. आणि डिसेंबरनंतर स्टोव्हभोवतीचं वाळलं गवत आधी काढा. एका ठिणगीने वणवा लागतो.

शेवटची चूक घरातून निघतानाच होते. सॅकमध्ये डबा घालून कसाऱ्याची लोकल पकडणारे कितीतरी. रेल्वेत असा ज्वलनशील गॅस नेणं गुन्हा आहे आणि विमानातही डबा चालत नाही. लोकलनेच जाणार असाल आणि एकाच रात्रीचा ट्रेक असेल तर माझं मत सरळ आहे: स्टोव्ह घरी ठेवा आणि पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरीचं आधी सांगून ठेवा.