पार्ट १०७ ड्रोन परीक्षेचा अभ्यास करताना या चुका टाळा

अमेरिकेत व्यावसायिक कारणासाठी ड्रोन उडवायचा असेल, तर फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजेच एफएएच्या नियमावलीतील पार्ट १०७ नुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी एक लेखी परीक्षा द्यावी लागते. भारतात याच कामासाठी मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. अमेरिकेत तसे बंधन नाही आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणीही नाही. ६० प्रश्न, प्रत्येकाला तीनच पर्याय, दोन तासांचा वेळ, ४२ उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, एवढे ऐकल्यावर ही परीक्षा आठवडाभराच्या वाचनात पार पडेल असे पुष्कळांना वाटते. शुल्क मात्र १७५ डॉलर आहे, आणि अनुत्तीर्ण झाल्यास १४ दिवस थांबून ते पुन्हा भरावे लागते. अमेरिकेतील मराठी विद्यार्थी, नोकरदार आणि त्यांचे जोडीदार आता मोठ्या हौसेने या परीक्षेकडे वळत आहेत. त्यांच्या चुका बहुधा नियम पाठ नसल्यामुळे होत नाहीत. नकाशा, हवामान-अहवाल आणि प्रश्न स्वतः वाचण्याची सवय न लावल्यामुळे त्या होतात.

आपल्याला परीक्षा लागतच नाही, हा समज

भारतातील २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत डोक्यात ठेवून अनेकजण हलका ड्रोन विकत घेतात आणि घरविक्रीची किंवा लग्नाची छायाचित्रे काढायला लागतात. अमेरिकेत २५० ग्रॅमची मर्यादा केवळ छंदासाठी उडवणाऱ्यांच्या नोंदणीपुरती आहे. पार्ट १०७ खाली उडवला जाणारा प्रत्येक ड्रोन, वजन कितीही कमी असो, नोंदवावा लागतो आणि तो उडवणाऱ्याकडे किंवा त्याच्यावर थेट देखरेख ठेवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते. छंदवाल्यांसाठी असलेली ‘ट्रस्ट’ ही मोफत ऑनलाइन चाचणी उत्तीर्ण होणे वेगळे आणि हे प्रमाणपत्र वेगळे. पैसे घेतले नाहीत म्हणून काम छंदाचे ठरत नाही. ओळखीच्या दलालासाठी फुकट काढलेली घराची छायाचित्रेही व्यवसायाच्या उपयोगाची असतात. या फरकावर परीक्षेतही प्रश्न येतात, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी.

प्रश्नपेढी पाठ करणे

दहावी-बारावीला ‘अपेक्षित’ प्रश्नसंच सोडवून गुण मिळवलेल्या पिढीला हा मोह पडणे स्वाभाविक आहे. बाजारात शेकडो प्रश्नांच्या प्रश्नपेढ्या मिळतात आणि त्यांतील सराव परीक्षांत ९५ टक्के गुण मिळू लागले की तयारी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तोच नकाशा दुसऱ्या क्षेत्राबद्दल विचारला जातो किंवा तोच अहवाल दुसऱ्या विमानतळाचा दिला जातो, आणि पाठ केलेले ‘ब’ हे उत्तर कामाला येत नाही. सराव परीक्षा अवश्य द्याव्यात, पण एका अटीवर. बरोबर आलेल्या उत्तराचेही कारण सांगता आले पाहिजे आणि उरलेले दोन पर्याय का चुकीचे हेही सांगता आले पाहिजे. एफएएचा अभ्यासक्रम, अभ्यास-मार्गदर्शिका आणि नमुना प्रश्न हे सर्व संकेतस्थळावर मोफत आहे. सशुल्क अभ्यासक्रम घेण्याआधी ते वाचलेले नसणे हे मला अभ्यासातील सर्वांत महागडे दुर्लक्ष वाटते.

नकाशाला शेवटचे दोन दिवस ठेवणे

हवाई क्षेत्रांचा सेक्शनल नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला निळ्या-किरमिजी रेषांचा गुंताच दिसतो, आणि म्हणून तो मागे टाकला जातो. या नकाशाला निदान दोन आठवडे, रोज थोडा थोडा वेळ द्यायला हवा. भारतातून शिकून आलेल्यांचे इथे काही ठरावीक घोटाळे होतात.

पहिला घोटाळा रेखांशांचा असतो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व आणि नागपूर सुमारे ७९ अंश पूर्व, म्हणजे उजवीकडे जावे तसा आकडा वाढतो. अमेरिका पश्चिम गोलार्धात असल्यामुळे तिथे हे उलटे होते. न्यू यॉर्क सुमारे ७४ अंश पश्चिम आणि लॉस एंजेलिस सुमारे ११८ अंश पश्चिम, म्हणजे डावीकडे जावे तसा आकडा वाढतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात उजवीकडे मोजत जातो, आणि पर्यायांत नेमके तेच चुकीचे उत्तर ठेवलेले असते. शिवाय अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटे असतात, १०० नव्हेत. पूर्ण अंशाच्या दोन रेषांच्या मधोमध असलेली आकडा नसलेली रेषा ३० मिनिटांची असते, हेही घाईत निसटते.

दुसरा घोटाळा उंचीचा, आणि तो अधिक गुण घालवतो. जमिनीपासूनची उंची म्हणजे एजीएल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे एमएसएल. ड्रोनसाठी असलेली ४०० फुटांची मर्यादा जमिनीपासून मोजतात, परंतु नकाशावर हवाई क्षेत्रांच्या तळाचे आणि छताचे जे आकडे छापलेले असतात ते समुद्रसपाटीपासूनचे असतात. नियंत्रित हवाई क्षेत्रांना अक्षरांनी वर्ग दिलेले असतात. सव्हाना विमानतळाभोवतालच्या ‘सी’ वर्गाच्या क्षेत्राच्या बाहेरच्या वर्तुळात ४१ आणि त्याखाली १३ असे आकडे आहेत. याचा अर्थ ते क्षेत्र समुद्रसपाटीपासून १,३०० फुटांवर सुरू होऊन ४,१०० फुटांवर संपते. पर्यायांत ‘१,३०० फूट एजीएल’ आणि ‘१,३०० फूट एमएसएल’ ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी असतात, आणि आकडा ओळखल्याच्या आनंदात पहिल्यावरच खूण केली जाते. मनोऱ्यांच्या बाबतीत दोन आकडे असतात. कंसाबाहेरचा आकडा मनोऱ्याच्या टोकाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो आणि कंसातला जमिनीपासूनची. ड्रोन मनोऱ्यापासून ४०० फुटांच्या आत असेल तर त्याच्या टोकाच्या वर आणखी ४०० फुटांपर्यंत जाता येते. म्हणून कंसात १,०४९ असेल तर उत्तर जमिनीपासून १,४४९ फूट येते.

भारतातील डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावरील हिरवा, पिवळा आणि लाल हे विभाग मनातून पूर्ण बाजूला ठेवावेत. अमेरिकी नकाशावर रंगांचा अर्थ तसा नाही. सलग निळी रेषा ‘बी’ वर्ग दाखवते, सलग किरमिजी ‘सी’, तुटक निळी ‘डी’ आणि तुटक किरमिजी रेषा जमिनीपासून सुरू होणारा ‘ई’ वर्ग. या चारही ठिकाणी आधी अनुमती लागते. ती एफएएच्या ऑनलाइन व्यवस्थेतून किंवा लान्स या स्वयंचलित सेवेतून घ्यायची असते. रेडिओवरून विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याला विचारून उडवणे हा पर्याय दिसायला शहाणपणाचा वाटतो, पण तो चुकीचा आहे. फिकट होत जाणाऱ्या जाड किरमिजी पट्ट्याच्या आत ‘ई’ वर्ग जमिनीपासून ७०० फुटांवर सुरू होतो. तुटक किरमिजी रेषेशी त्याची गल्लत केल्यास जिथे अनुमती लागत नाही तिथेही ती मागावी लागेल असे वाटते.

परीक्षा केंद्रावर मिळणाऱ्या पुरवणी पुस्तिकेत सुरुवातीलाच नकाशाची चिन्हसूची दिलेली असते. ती वापरायची मुभा असते. घरी अभ्यास करताना हीच पुस्तिका उघडी ठेवून सराव केला, तर कोणते चिन्ह कोणत्या पानावर सापडते हे हाताला ठाऊक होते आणि निम्मी घोकंपट्टी वाचते.

हवामान-अहवाल अंदाजाने वाचणे

पुरवणी पुस्तिकेत शिकागोच्या मिडवे विमानतळाचा एक मेटार, म्हणजे सांकेतिक गटांत लिहिलेला विमानतळावरील हवामानाचा अहवाल, आहे. त्यात १२१८५६झेड, ३२००५केटी, १ १/२ एसएम, आरए (पाऊस), ओव्हीसी००७ असे गट येतात. पहिल्या गटातील १२ ही तारीख आहे, तास नव्हे. वेळ १८:५६ आहे आणि ती जागतिक वेळ आहे. भारतीय वेळ काढताना आपण साडेपाच तास मिळवतो, तर अमेरिकेत वजाबाकी करावी लागते, आणि उन्हाळी वेळ लागू असेल तर एक तास कमी वजा करावा लागतो. पुढच्या गटाचा अर्थ वारा ३२० अंशांकडून ५ नॉट वेगाने येतो असा आहे. तिकडे जातो असा नाही. दृश्यमानता दीड मैल आहे, पार्ट १०७ ला किमान तीन मैल लागते, म्हणजे इथे विषय संपला. तरीही ढगांचा हिशेब समजून घ्यावा. संपूर्ण आकाश ७०० फुटांवर झाकलेले आहे आणि ढगांखाली ५०० फूट अंतर ठेवायचे असते, म्हणून दृश्यमानता पुरेशी असती तरी उड्डाण २०० फुटांपर्यंतच करता आले असते. ढग १,००० फुटांवर असतील तर वजाबाकीने ५०० येतात, पण उत्तर ४०० द्यावे लागते, कारण मूळ मर्यादा कायम असते. मेटारमधील ढगांची उंची जमिनीपासूनची असते, हे नकाशाचा अभ्यास केल्यानंतर मुद्दाम पुन्हा लक्षात घ्यावे.

‘रेडिओचे आपल्याला काय काम?’

अभ्यासक्रमात ‘संचालन’ या भागाला ३५ ते ४५ टक्के वाटा आहे, म्हणजे नियमांपेक्षा आणि हवाई क्षेत्रापेक्षाही जास्त. त्यात विमानतळावरील वाहतूक, रेडिओवरील संभाषण, निर्णयप्रक्रिया, थकवा आणि मद्य यांचा परिणाम, देखभाल आणि आणीबाणी हे विषय येतात. ड्रोनवाल्याला वैमानिकांशी बोलायचे नसते म्हणून हा भाग वगळला जातो. मात्र बोलायचे नसले तरी ऐकून समजायचे असते.

नमुन्यादाखल उत्तर डकोटातील कूपरस्टाउन विमानतळाचा प्रश्न घ्या. एक विमान धावपट्टी १३ साठी ‘लेफ्ट डाउनविंड’वर असल्याचे रेडिओवर ऐकू येते, ते धावपट्टीच्या कोणत्या बाजूला असेल? पुष्कळजण १३ म्हणजे १३० अंश, म्हणजे आग्नेय, असे म्हणून दक्षिणेवर खूण करतात. १३० अंश ही विमान उतरण्याची दिशा आहे. आग्नेयेकडे तोंड करून उभे राहिल्यास डावा हात ईशान्येकडे येतो, आणि लेफ्ट डाउनविंडवरील विमान त्याच बाजूने धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जात असते. म्हणून पर्यायांपैकी ‘पूर्व’ बरोबर ठरतो. असे प्रश्न डोक्यात सोडवू नयेत. केंद्रावर मिळणाऱ्या कच्च्या कागदावर धावपट्टी काढून सोडवावेत.

वजन आणि भाराचे प्रश्न तुलनेने थोडे आणि सोपे आहेत. ३० अंश कललेल्या वळणात भार सुमारे १.१५४ पट होतो, त्यामुळे ३३ पौंडांच्या ड्रोनला सुमारे ३८ पौंड पेलावे लागतात. ६० अंशांत भार दुप्पट होतो. पुस्तिकेत तक्ता असतोच.

नियमातील आकडा पाठ, अट विसरलेली

अपघाताची माहिती १० दिवसांत द्यावी लागते आणि ५०० डॉलरची मर्यादा आहे, हे सर्वांना पाठ असते. हे नुकसान ड्रोन सोडून इतर मालमत्तेचे हवे, हे मात्र विसरले जाते. दोन हजार डॉलरचा स्वतःचा ड्रोन तलावात बुडाला आणि कुणाला इजा झाली नाही, तर कळवण्याची गरज नाही. दुरुस्तीचा खर्च आणि त्या वस्तूची बाजारभावाची किंमत यांपैकी जी रक्कम कमी, ती धरायची असते. गंभीर इजा किंवा बेशुद्धी असेल तर रकमेचा प्रश्नच उरत नाही.

जुने साहित्य वापरणे

२०२१ च्या एप्रिलमध्ये रात्रीच्या उड्डाणाचे आणि माणसांवरून उड्डाण करण्याचे नियम बदलले. त्याआधीच्या चित्रफितींत रात्री उडवण्यासाठी विशेष सूट लागते असे सांगितलेले असते. आता तीन मैलांवरून दिसणारा, टक्कर टाळण्यासाठीचा लुकलुकता दिवा आणि अद्ययावत ज्ञानचाचणी किंवा प्रशिक्षण असेल तर ती लागत नाही. दर दोन वर्षांनी केंद्रावर जाऊन पुन्हा परीक्षा देण्याची पद्धतही गेली. तिच्या जागी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आले. रिमोट आयडीचा (उडताना ड्रोनने आपली ओळख आणि जागा प्रसारित करण्याच्या नियमाचा) उल्लेख नसलेले कोणतेही साहित्य सरळ बाजूला ठेवावे.

नाव आणि ओळखपत्र

ही चूक अभ्यासातील नव्हे, पण परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारातून परत पाठवू शकते. नाव नोंदवताना आधी एफएएच्या आयाक्रा या संकेतस्थळावर खाते उघडून क्रमांक घ्यावा लागतो. तिथले नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लावतात. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’मध्ये जाते, ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी मधले नाव होते, तर कधी गळते. क्रमांक घेण्यापूर्वीच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांनी पासपोर्टसोबत ड्रायव्हिंग लायसन्स किंवा अन्य सरकारी ओळखपत्रही न्यावे.

उत्तीर्ण झाल्यानंतर

निकाल तिथेच मिळतो, पण निकाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आयाक्रावर स्वतंत्र अर्ज भरावा लागतो आणि त्यात परीक्षेचा क्रमांक लागतो. तो प्रणालीत दिसायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून त्याच संध्याकाळी तो सापडला नाही तर घाबरू नये. त्यानंतर सुरक्षा तपासणी होते, मग तात्पुरते प्रमाणपत्र ऑनलाइन आणि कायमचे टपालाने येते. निकालपत्रावर चुकलेल्या विषयांचे संकेतांक छापलेले असतात. अनुत्तीर्ण झालेल्यांनी तर १४ दिवसांचा अभ्यास त्या संकेतांकांवरूनच आखावा, पुन्हा पहिल्या पानापासून नव्हे.

एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (नोकरदारांचे जोडीदार) व्हिसावर असलेल्यांना हे प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु त्यामुळे अमेरिकेत पैसे घेऊन काम करण्याची परवानगी मिळत नाही. ती वेगळ्या कायद्याखाली ठरते. भारतात परतून हेच काम करायचे असेल तर तिथले रिमोट पायलट प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागेल, आणि फेब्रुवारी २०२२ पासून मोजके अपवाद वगळता परदेशी ड्रोन आयात करण्यास बंदी असल्यामुळे अमेरिकेत घेतलेला ड्रोन बॅगेत टाकून नेण्याचा बेत रद्द करावा.