डोमचे भूकंप शिकताना: आधी दार ऐका

भूभौतिकीला प्रवेश घेतला तेव्हा खानापूरच्या काकांनी विचारलं, "हितं कुठं हाय रे ज्वालामुखी?" प्रश्न रास्त होता. बेळगाव परिसरातला काळा दगड लाव्हाचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो लाव्हा पातळ होता, भेगांतून वाहत लांबवर पसरला. डोमला, म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडावर तयार होणाऱ्या लाव्हाच्या घुमटाला, डेसाइट, अँडेसाइटसारखा चिकट लाव्हा लागतो. तो तोंडाशीच साचतो आणि मागचा त्याला वर ढकलत राहतो. तिथले भूकंप माझ्या प्रबंधाचा विषय झाले.

या भूकंपांची पुस्तकातली व्याख्या मला कळली नव्हती, घरच्या दारानं कळली. आमच्याकडच्या पावसात लाकडी दार फुगतं. रेटलं तरी हलत नाही, मग एकदम 'खट्' करून बोटभर सरकतं, पुन्हा अडतं. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीवर 2004 च्या ऑक्टोबरात जवळपास घट्ट झालेला लाव्हा असाच वर येऊ लागला, तो जानेवारी 2008 पर्यंत. बरेच महिने साधारण अर्ध्या ते पाच मिनिटांच्या अंतरानं एकसारखे धक्के येत होते, बहुतेक दोन रिश्टरच्या आतले. त्यांना 'ड्रमबीट' म्हणतात. काही संशोधक मात्र घर्षणाऐवजी भेगेतल्या वाफेकडं बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. मी दाराच्या बाजूचा.

आता माझी फजिती. धक्के मोजायला मी नेहमीची पद्धत लावली: भूकंपमापकाच्या नोंदीतल्या कंपनांची काही सेकंदांची सरासरी भागिले मोठ्या कालावधीची सरासरी, भागाकार ठरावीक आकड्यावर गेला की एक भूकंप. आलेखात हालचाल मंदावलेली दिसली. आनंदानं मार्गदर्शकांना दाखवला. ते म्हणाले, "मूळ नोंद उघडून बघितलीस?" नव्हती बघितली. धक्के इतके दाट झाले होते की मोठी सरासरीच वर चढली आणि भागाकार आकड्याला पोचेना. भूकंप वाढले होते, म्हणूनच माझी मोजणी घटली होती! तीन आठवड्यांचं काम गेलं.

म्हणून पहिला महिना प्रोग्रॅम लिहू नका. एका दिवसाची नोंद छापून घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करा. डोमवरून दगड कोसळले की नोंद हळूहळू फुगते आणि हळूहळू विरते, भूकंपासारखी एकदम उसळत नाही. हा फरक डोळ्यांत बसायला हवा. दोन धक्क्यांमधलं अंतरही लिहा. अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीवर 2009 मध्ये ते इतकं कमी होत गेलं की धक्के जुळून सलग सूर झाला, तो चढत सेकंदाला तीसेक धक्क्यांवर गेला, मग क्षणभर शांतता आणि स्फोट. नुसती दिवसाची बेरीज करणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं.

यंत्रं नाहीत म्हणून अडू नका. जपानात 1944-45 मध्ये शोवा-शिन्झान डोम वर येताना पोस्टमास्तर मासाओ मिमात्सु यांनी पोस्टामागं आडव्या दोऱ्या ताणून त्याची वाढ कागदावर उतरवली होती. आज नोंदी फुकट मिळतात, त्या तपासायचं सॉफ्टवेअर ऑब्सपायही फुकट आहे. फक्त नेट चांगलं हवं; मी मोठ्या फाइली टिळकवाडीत मित्राच्या खोलीवर जाऊन उतरवायचो.

नोकरीचं विचाराल, तर भारतात जागता ज्वालामुखी बॅरन बेटाचा एकच, त्यावर पोट भरणं कठीण. पण हीच नजर कोयनेच्या नोंदींना चालते. मी सध्या तेच करतो. काकांना तेवढं पटलं. 1967 च्या धक्क्याची गोष्ट त्यांच्याकडूनच तर ऐकली होती.