शिंगरावर पहिली मांड कधी टाकायची?

सारंगखेड्याच्या यात्रेत पहिली घोडी घेतली तेव्हा मी तिची उंची पाहिली, दात पाहिले नाहीत. दत्तजयंतीचे दिवस, तापीकाठी घोड्यांच्या रांगा, आणि ही मारवाडी घोडी मान ताठ करून उभी. विकणारा म्हणाला, "तीन वर्षं पूर्ण आहेत, उद्यापासून बसा." मी बसलो. महिन्याभरात खोगीर दिसलं की ती कान मागे टाकायला लागली, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला वळू लागली. पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिलं, तर पुढचे सगळे दात दुधाचे. अडीच वर्षंसुद्धा भरली नव्हती. खोगीर उतरलं ते पुढचं वर्षभर खुंटीवरच राहिलं.

तेव्हा तबेल्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दात बघायला शिकवतो. पुढचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमाराला बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. दात बदलताना हिरड्या हुळहुळ्या असतात, त्या दिवसांत लगामाची कडी तोंडात नकोशी होते आणि आपण म्हणतो घोडं हट्टी आहे. दाढांच्या पुढे कधीकधी एक बारीकसा जादा दात असतो, त्यावर कडी आपटते. लगाम चढवण्याआधी पशुवैद्यांकडून तो तपासून घ्या.

पण दातांवरून फक्त वय कळतं. खरा प्रश्न पाठीचा. घोड्याची हाडं साधारण खालून वर पक्की होत जातात. खुराजवळची पहिल्या वर्षातच, गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांला, आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. रेसचे थरोब्रेड दोन वर्षांचे असतानाच जॉकीला पाठीवर घेतात. गुडघ्याचा एक्स-रे काढून हाड जुळलं का ते बघतात. त्या एक्स-रेत मणके दिसत नाहीत, आणि आपण बसतो ते मणक्यांवर. मला तरी तीन वर्षांआधी बसणं पटत नाही, आणि चार वर्षांआधी दौड किंवा उडी तर नाहीच.

शिंगराला बाजूने बघा. मागचा पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच दिसत असेल तर ते अजून वाढतंय. अशा पाठीवरून खोगीर पुढे घसरतं आणि सगळा भार पुढच्या पायांवर येतो. थांबा, काही महिन्यांत खांदा वर येईल.

थांबा म्हणजे खुंट्याला बांधून ठेवा असं नाही. हाड भार पडल्यानेच घट्ट होतं, म्हणून शिंगरू मोकळ्या रानात पळालं पाहिजे. माझ्या घोडीचं ते वर्ष असंच गेलं. रोज खरारा, चारही पाय उचलून खूर साफ करणं, बागडोरीने ट्रॅक्टरच्या बाजूने नेणं, नंतर नुसती खोगिराखालची घडी पाठीवर टाकून फिरवणं. लांब दोरीवर गोल फिरवलं तेही अगदी थोडा वेळ, कारण सतत वळणाने कोवळे सांधे पिळतात.

आमच्या वस्तादांची एक पारख होती. स्टुलावर चढून घोड्याच्या पाठीवर पोट टेकायचं, पाय लोंबते ठेवून. घोडं श्वास रोखून दगडासारखं उभं राहिलं तर खाली उतरायचं. नवशिक्याला ते शांत वाटतं, पण ते घाबरलेलं असतं आणि पुढच्या क्षणी उसळतं. जबडा सैल, कान इकडेतिकडे हलणारे, एक मागचा पाय ढिला सोडलेला, असं दिसेपर्यंत वस्ताद मांड टाकू द्यायचे नाहीत. आमच्या घोडीला त्याला एकवीस दिवस लागले.

आणि बसणाऱ्याचं वजन. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत, हा हिशेब पूर्ण वाढलेल्या घोड्याचा. शिंगरावर त्याहून हलका माणूस बसवा. मी जड होतो, म्हणून पहिल्यांदा वस्तादांची मुलगी बसली. घोडीने मान वळवून तिचा बूट हुंगला आणि चालू लागली. दहा मिनिटं, सरळ रेषेत, नुसती चाल. मग उतरून तंग सोडला आणि तिला रानात मोकळं सोडलं.