मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट? आधी गुणाकार करा

हा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी उलट एकच विचारते : दुसरी लेन्स घेणार आहात का? समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, “सध्या सोबत येणाऱ्या किट लेन्सवरच भागवीन, पुढचं पुढे बघू.” मग माझं उत्तर ठरलेलं असतं. कॉम्पॅक्ट घ्या. त्यावर चेहरा पडतो, कारण तोवर सगळ्यांनी त्याला पढवलेलं असतं की सेन्सर (उजेड टिपणारी चिप) मोठा तर फोटो चांगला. ही अर्धीच गोष्ट आहे, आणि या अर्ध्या गोष्टीपायी मी स्वतः हात पोळून घेतलेत.

मुळात मिररलेस हे नावच घोळ घालतं. आरसा कॉम्पॅक्टमध्येही नसतो. डीएसएलआरमधला, म्हणजे आरशातून लेन्समधलं दृश्य डोळ्याला दाखवणाऱ्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यातला, आरसा काढला आणि लेन्स बदलायची सोय तेवढी ठेवली, असा पॅनासोनिकचा जी१ हा कॅमेरा २००८ मध्ये आला. पुढे त्या जातीच्या कॅमेऱ्यांना हे नाव चिकटलं. म्हणजे खरा फरक एवढाच की एकाची लेन्स निघते, दुसऱ्याची निघत नाही. निघणारी लेन्स कधी काढणारच नसाल, तर तुम्ही बिजागरीचे पैसे भरून दार कायमचं बंद ठेवताय.

पायरी १ : जुने फोटो चाळा

गेल्या वर्षातले, तुम्ही काढलेले आणि नंतर पुन्हा उघडून पाहिलेले शंभरेक फोटो निवडा. फोनमधले चालतील. त्यांचे तीन ढीग करा : अंधारातले, लांबचे, पळणाऱ्या गोष्टींचे. उरलेले, म्हणजे भर उजेडात निवांत उभं राहून काढलेले फोटो, हिशेबात धरूच नका. तिथे कुठलाही कॅमेरा चालतो.

पायरी २ : खिशाची परीक्षा

“खिशात मावतो” म्हणजे नेमका कोणाचा कुठला खिसा? सोनीच्या आरएक्स१०० मार्क ७ चं माप आहे साधारण १०२ × ५८ × ४३ मिमी आणि वजन ३०२ ग्रॅम. रिकोचा जीआर ३ जेमतेम ३३ मिमी जाड, २५७ ग्रॅम. पुठ्ठ्याचा या मापाचा डबा करा, वजन भरेपर्यंत आत नाणी नाहीतर खिळे कोंबा, चिकटपट्टीने गुंडाळा आणि चार दिवस बाळगा. हसू नका. मी हे तीन जणांना करायला लावलंय. त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी डबा टेबलावर ठेवला तो ठेवलाच. ३३ मिमी पँटच्या पुढच्या खिशात जातं. ४३ मिमी जातं, पण बसताना मांडीला टोचत राहतं आणि दोन दिवसांत ते जॅकेटमध्ये नाहीतर पिशवीत हलतं. एकदा पिशवीच काढायची ठरली, तर मग मिररलेसही त्याच पिशवीत जाऊ शकतो. सोनीचा ए६४०० घडी होणाऱ्या १६–५० मिमी किट लेन्ससकट ५२० ग्रॅमच्या आसपास भरतो.

आणि फुजीफिल्मच्या एक्स१००व्हीआयला कुणी कॉम्पॅक्ट म्हणालं तर मान डोलवा, पण ५२१ ग्रॅमचा तो देखणा ऐवज खिशात घालायला जाऊ नका.

पायरी ३ : गुणाकार

इथेच सगळे गडबडतात. मीही गडबडले होते.

भाचीचं शाळेत नाटक होतं. मी तिसऱ्या रांगेत, हातात एपीएस-सी मापाच्या सेन्सरचा (मापं पुढे सांगते) नवाकोरा मिररलेस, त्यावर सोबत आलेली १६–५० मिमी लेन्स. रंगमंचावर पिवळे मंद दिवे. झूम पूर्ण ताणला, तसं अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/५.६ वर येऊन अडलं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). मुलं हलत होती, म्हणून शटर एक-शतांश सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवता येईना, आणि कॅमेऱ्याने आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा; वाढला की दाणे वाढतात) नेला थेट ६४०० वर. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे एक इंची सेन्सरचा छोटा कॉम्पॅक्ट. मध्यंतरात आम्ही एकमेकांचे पडदे पाहिले. त्यांचा झूमही ताणलेलाच, पण तिथे त्यांची लेन्स एफ/२.८ वर उघडत होती. म्हणून त्याच शटरला त्यांचा आयएसओ होता १६००. माझा फोटो दाणेदार, भाचीच्या गालावर रवाळ रंग. त्यांचा माझ्यापेक्षा कणभर स्वच्छच. माझा सेन्सर त्यांच्या तिप्पट मोठा, आणि फोटो त्यांचा बरा! त्या रात्री घरी येऊन मी कॅमेऱ्याला नावं ठेवली. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, मी हिशेब केला नव्हता.

तो हिशेब असा. सेन्सरची मापं आधी घ्या. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. एक इंची १३.२ × ८.८. आणि स्वस्तातल्या छोट्या कॉम्पॅक्टमध्ये असतो तो १/२.३ इंची, म्हणजे ६.२ × ४.६ मिमी, करंगळीच्या नखाएवढा. (एक इंची सेन्सरमध्ये एक इंच शोधत बसू नका. त्याचा कर्ण जेमतेम १६ मिमी भरतो. पूर्वीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून मापं सांगायची रीत होती. नळी गेली, रीत राहिली.)

फुल फ्रेमच्या तुलनेत प्रत्येकाचा एक गुणक निघतो : एपीएस-सीचा १.५ (कॅननच्या एपीएस-सीचा १.६), मायक्रो फोर थर्ड्सचा २, एक इंचीचा २.७, छोट्या सेन्सरचा ५.६. या आकड्याने लेन्सच्या फोकल लेंग्थला (मिमीतला आकडा; मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) गुणायचं आणि त्याच आकड्याने एफ आकड्यालाही गुणायचं. पहिला गुणाकार जाहिरातीत कंपन्याच करून देतात. दुसरा गाळतात. “२४–७० मिमी, एफ/१.८–२.८” असं कॉम्पॅक्टच्या खोक्यावर छापलेलं असतं, त्यात २४–७० हे गुणून आलेलं असतं आणि एफ/१.८ न गुणता. वाचणाऱ्याला वाटतं, बापरे, केवढी उजळ लेन्स!

आता माझी नाटकाची रात्र या हिशेबात घाला. माझी लेन्स १६–५० मिमी, एफ/३.५–५.६. दीडने गुणली की २४–७५ मिमी, एफ/५.३–८.४. शेजाऱ्यांची २४–७० मिमी, एफ/१.८–२.८, एफ २.७ ने गुणला की ४.९–७.६. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आणि मागचं धूसरही जास्त. थोडक्यात, किट लेन्स लावलेला मिररलेस आणि चांगल्या लेन्सचा एक इंची कॉम्पॅक्ट एकाच पाटावर बसतात, उलट कॉम्पॅक्ट बोटभर पुढेच.

मग मिररलेस घ्यायचाच कशाला? लेन्स बदलायला. त्याच बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, मी पुढे ५० मिमी एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली. गुणून ७५ मिमी, एफ/२.७. शेजाऱ्यांच्या ७.६ पुढे २.७, म्हणजे जवळपास आठपट उजेड. पुढच्या वर्षीच्या नाटकात, त्याच सभागृहात, त्याच शटरला माझा आयएसओ ६४० वर थांबला. बॉडी तीच, सेन्सर तोच. म्हणून सांगते, बॉडीची तुलना बॉडीशी करूच नका. जी लेन्स तुम्ही खरोखर लावून फिरणार आहात ती लावलेला कॅमेरा तराजूत टाका. कपाटात राहणारी लेन्स मोजायची नाही.

या गुणाकारात घसरायच्या जागाही आहेत.

एक : गुणलेला एफ हा एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते ठरवायला, नसतो. एफ/२.८ वर शटर आणि आयएसओ किती लागेल ते कुठल्याही सेन्सरवर तेच राहतं. गुणलेला आकडा सांगतो की फोटोत एकूण किती उजेड गोळा झाला, म्हणजे दाणे किती दिसतील आणि मागचं किती विरघळेल. या मुद्द्यावर लोक तासन्‌तास भांडतात. तुम्ही भांडू नका, आकडा फक्त तुलनेला वापरा.

दोन : एकच गोष्ट दोनदा गुणू नका. कॉम्पॅक्टच्या लेन्सच्या कडीवर खरी फोकल लेंग्थ कोरलेली असते, उदाहरणार्थ ८.८–२५.७ मिमी, आणि खोक्यावर गुणलेली. मी एकदा खोक्यावरचा आकडा पुन्हा गुणून एका मैत्रिणीला भलताच सल्ला दिला होता. ती अजून ते काढते.

तीन : एफची दोन्ही टोकं बघा. पहिला आकडा मिरवायचा असतो, दुसरा वापरायचा. आरएक्स१०० च्या ३ ते ५ क्रमांकांत २४–७० मिमी एफ/१.८–२.८ लेन्स होती. २०१८ च्या सहाव्यापासून ती झाली २४–२०० मिमी एफ/२.८–४.५. गुणलं की ७.६ ते १२. लांबचं दिसायला लागलं, अंधारातलं मात्र हातचं गेलं. ज्याचा अंधाराचा ढीग मोठा, त्याला जुना क्रमांक नव्यापेक्षा जास्त कामाचा.

चार : “३० पट झूम”. १/२.३ इंची सेन्सरवर लांबच्या टोकाला एफ/६.४ असेल तर गुणून ३६ होतं. भर दुपारी ठीक. सूर्य कलला की संपलं. लांबचा ढीग मोठा असेल आणि तो सगळा उन्हातला असेल तरच असा कॅमेरा घ्या. बाकी कामाला हा छोटा सेन्सर मी कुणाला सुचवत नाही. फोन दहा फोटो एकावर एक रचून त्याच्या पुढे जातो.

पायरी ४ : गुणाकारात न बसणारं

पळणाऱ्या गोष्टींचा ढीग मोठा असेल तर फारसा विचार न करता मिररलेस. नुसत्या फोकसचा प्रश्न नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून बघायच्या खिडकीला), एक हात लेन्सखाली, कोपर छातीला टेकलेलं, अशा पकडीत माणूस पळत्या मुलामागे वळू शकतो. हात लांब करून पडद्यात बघत ते जमत नाही, आणि उन्हात पडदा दिसतही नाही. काही कॉम्पॅक्टना व्ह्यूफाइंडर असतो, पण किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा.

कॉम्पॅक्टच्या बाजूचेही दोन मुद्दे आहेत. त्याचं शटर बहुधा लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे आवाज जवळजवळ नाही आणि उन्हात फ्लॅश वापरायला सोपं. आणि कॅमेरा लहान दिसतो म्हणून समोरचा माणूस आखडत नाही. हे कुठल्याच तक्त्यात छापत नाहीत, पण माणसांचे माझे सगळ्यात बरे फोटो छोट्या कॅमेऱ्यातलेच आहेत.

बॅटरी : आरएक्स१०० मार्क ७ ला प्रमाणित चाचणीत सुमारे २६० फोटो, जीआर ३ ला २००. जादा बॅटरी घ्याच.

आता धूळ. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स आतबाहेर करताना हवा ओढते, आणि खिशातला कापडाचा भुसा त्या हवेबरोबर आत जातो. माझ्या कॉम्पॅक्टमध्ये दीड वर्षाने प्रत्येक आभाळात उजवीकडे वर एक करडा ठिपका यायला लागला. मिररलेस असता तर लेन्स काढून रबरी ब्लोअरने दोन फुंकरी मारल्या असत्या. कॉम्पॅक्ट उघडावा लागतो, आणि दुरुस्तीवाल्याने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी ठिपक्याशी जुळवून घेतलं. तेव्हापासून कॅमेरा खिशात टाकायचा तो पातळ बंद पाऊचमधूनच, आणि त्या खिशात रुमाल नाही.

पायरी ५ : ठरवा

अंधार किंवा धावपळ जास्त, आणि दुसरी लेन्स याच खरेदीत घेणार : मिररलेस. पैसे पुरत नसतील तर बॉडी एक पिढी जुनी घ्या, पण प्राइम सोडू नका.

डबा चार दिवस खिशात राहिला, लेन्स बदलायचा कंटाळा : एक इंची कॉम्पॅक्ट. झूमशिवाय जमत असेल तर जीआर ३ सारखा २८ मिमीचा. एपीएस-सी सेन्सरवर एफ/२.८, गुणून ४.२, पातळ खिशात. मात्र त्याला व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅशही नाही.

डबा टेबलावरच राहिला आणि दुसरी लेन्सही नको : काहीच घेऊ नका, फोन चांगला घ्या.

पायरी ६ : वापरलेला घेत असाल तर

स्वतःचं कार्ड घेऊन जा. अपर्चर एफ/११ वर ठेवा, फोकस मुद्दाम हलवा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून चारही कोपरे बघा. करडे ठिपके मिररलेसमध्ये दिसले तर भाव पाडा. कॉम्पॅक्टमध्ये दिसले तर परत द्या. मग कॉम्पॅक्ट कानाशी धरून दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स दर वेळी एकाच आवाजात आतबाहेर झाली पाहिजे. एकदाही अडखळली किंवा करकरली, तर बोलणं तिथेच थांबवा.