पांगू-वेदर स्वतःच्या संगणकावर चालवताना

हुआवेचं पांगू-वेदर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं हवामान अंदाजाचं मॉडेल, चालवणं अवघड नाही. कस लागतो तो त्याला सुरुवातीची स्थिती देताना. फाइलचा आकार जुळला की मॉडेल मुकाट्याने चालतं, आतले आकडे चुकलेले असले तरी.

जाळी ०.२५ अंशांची: ७२१ अक्षांश, ९० उत्तरेपासून खाली, १४४० रेखांश, शून्यापासून पूर्वेकडे. नमपायच्या (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) दोन फाइली लागतात. पृष्ठभागाच्या फाइलचा क्रम: समुद्रसपाटीचा दाब, १० मीटरवरच्या वाऱ्याचे यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) घटक, २ मीटरवरचं तापमान. वरच्या हवेचा: जिओपोटेन्शियल (उंची गुणिले गुरुत्व त्वरण), विशिष्ट आर्द्रता, तापमान, यू, व्ही, प्रत्येक १३ दाब-पातळ्यांवर, १००० हेक्टोपास्कलपासून ५० पर्यंत. सगळं फ्लोट-३२ (३२ बिटांचे दशांश आकडे) मध्ये.

जुन्या तारखांसाठी ईआरए-५ घ्या, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान केंद्राचा जुन्या हवामानाचा जाळीवरचा डेटा. ताज्या अंदाजासाठी ईसीएमडब्ल्यूएफचा खुला डेटा चालतो, पण तिथे दोन खड्डे आहेत. त्यात जिओपोटेन्शियलऐवजी उंची मीटरमध्ये मिळते, तिला ९.८०६६५ ने गुणा. शिवाय त्याचे रेखांश १८० पश्चिमेपासून सुरू होतात, म्हणून स्तंभ ७२० ने फिरवून घ्या. हे राहिलं तर मुंबईजवळचा बिंदू (ओळ २८४, स्तंभ २९२, मोजणी शून्यापासून) मेक्सिकोच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात जाऊन पडतो. याच बिंदूवर तपासणी करा: ५०० हेक्टोपास्कलचं जिओपोटेन्शियल ५७,००० च्या आसपास हवं. ५,८०० दिसलं तर गुणाकार राहिलाय.

१, ३, ६ आणि २४ तासांची चार वेगळी मॉडेलं आहेत, ओएनएनएक्स (मॉडेल साठवण्याच्या एका खुल्या) स्वरूपात. एकाचं उत्तर पुढच्या पावलाचं इनपुट होतं आणि चूक साठत जाते, म्हणून पावलं कमीत कमी ठेवा. ५६ तासांसाठी २४ ची दोन, ६ चं एक, १ ची दोन: पाच पावलं. एकट्या १ तासाच्या मॉडेलने ५६ झाली असती. ग्राफिक्स कार्डावर एक पाऊल काही सेकंदांचं. साध्या प्रोसेसरवरही होतं, फक्त धीर धरावा लागतो.

चक्रीवादळाचा मार्ग हवा असेल तर दर ६ तासांनी दाबाचा किमान बिंदू शोधा. मार्गावर बराच भरवसा ठेवता येतो, तीव्रतेवर नाही: ईआरए-५ मध्येच वादळांचे वारे कमी दिसतात आणि मॉडेल त्यावरच शिकलंय. पाऊस मात्र मूळ पांगू देतच नाही. आर्द्रता आणि वारे पाहून कोकणातल्या पावसाचे मिलिमीटर काढू नका. सुमारे २८ किलोमीटरच्या जाळीत सह्याद्रीचा कडा पुसट होतो.