ऑलिम्पिक, एशियाडवर माहितीपट करताय? या चुका टाळा

सोलापुरात बसून आंतरराष्ट्रीय स्पर्धेवर माहितीपट करायचा म्हटलं की पहिली अडचण कॅमेऱ्याची नसते, हक्कांची असते. बरेच जण आधी सगळी फिल्म जुळवतात आणि निर्णायक क्षण आला की टीव्हीवरचं फुटेज डकवतात. पाच-सात सेकंद वापरले तर चालतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. असा नियम कुठंही नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 37 प्रमाणे प्रक्षेपणावर प्रसारकाचा 25 वर्षं हक्क असतो. बातमी, टीका, समीक्षा यांना कलम 52 मध्ये सवलत आहे, पण ती सेकंदांत मोजलेली नाही. तेवढ्या भरवशावर फिल्मचा शेवट बेतू नका. ऑलिम्पिकचं फुटेज तर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं. पाच वलयं पोस्टरवर टाकायलाही परवानगी लागते. आणि तिकीट हे बघण्याचं असतं, शूटिंगचं नव्हे.

निकाल मात्र कुणाच्या मालकीचा नसतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम फेरीत भारताच्या पुरुषांनी नेपाळला 54-36 असं हरवलं, महिलांनी 78-40 असं. हे आकडे तुम्ही तुमच्या अक्षरांत बिनधास्त दाखवा. खेळ इथल्या मैदानावरच टिपा: खांबाला घासून वळणारी पावलं, पाठीवर पडणारी खोची थाप. अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात कॅमेरा इतका जवळ क्वचितच जातो.

मग उरतो खेळाडूच्या घरचे टीव्हीवर सामना बघतात तो प्रसंग. इथं चूक अशी होते, की टीव्हीचा पडदा फ्रेममध्ये येतो आणि समालोचन माइकमध्ये. दोन्ही पुन्हा प्रसारकाचंच. कॅमेरा टीव्हीच्या बाजूला लावून चेहऱ्यांवर रोखा, आवाज अगदी बारीक ठेवा आणि आई-वडिलांना कॉलर माइक लावा. टीव्ही पूर्ण मुका केलात तर चेहरेही मुके होतात, तेवढं करू नका.

वेळ आधीच मोजून ठेवा. जपानमधल्या आशियाई स्पर्धा 19 सप्टेंबर 2026 ला सुरू होतात. तिथं सकाळचे नऊ म्हणजे इथं साडेपाच. शिवाय तेव्हा गणपती बसलेले असणार. संध्याकाळी गल्लीत लेझीम सुरू झाली की मुलाखत विसरा. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिथल्या संध्याकाळी सातच्या शर्यतीला इथं दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील.

फुटेज लुकलुकतंय? आपली वीज 50 हर्ट्झची. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम्सवर असतो, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पट्टे दिसतात. 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 ठेवा. स्लो मोशनला 120 ऐवजी 100 फ्रेम्स.

आवाजाची दुसरी तक्रार यंत्रमागाची. खेळाडूचे वडील मागावर असतील तर मुलाखतीसाठी माग बंद करायला लावू नका. तिथली मजुरी निघालेल्या मालावर ठरते, तुमच्या अर्ध्या तासाचा भुर्दंड त्यांना बसतो. खडखडाट वेगळा रेकॉर्ड करा, बोलणं सुट्टीच्या दिवशी घ्या.

आणि सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत गेलात तर खेळाडूच्या आजीला मराठीत बोलायला लावू नका. बाहेरचं युनिट हे हमखास करतं, काही जण तर थेट हिंदीवर येतात. घरात तेलुगू बोलणारी बाई कॅमेऱ्यापुढं मराठी जुळवायला लागली की नातवाबद्दल चार छापील वाक्यं बोलते आणि थांबते. तिला तेलुगूतच बोलू द्या, प्रश्न घरातल्याच कुणाला तरी विचारू द्या, उपशीर्षकं नंतर करता येतात. फक्त संकलनाच्या वेळी तेलुगू येणारं माणूस शेजारी बसवा. भाषा न कळणारा संकलक श्वास घ्यायला थांबलेल्या जागी कात्री लावतो आणि क्रियापद बाहेर राहतं. हे फिल्मच्या पहिल्या खेळाला पूर्व भागातल्याच प्रेक्षकांच्या लक्षात येतं.