परदेशातील सेवादौऱ्यावर प्रार्थनेची वही कशी ठेवावी

परदेशी सुवार्तासेवेला निघणाऱ्या गटाने व्हिसा आणि तिकिटांच्या धावपळीआधी एक दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे तारखेसह विनंती लिहावी आणि उजवी बाजू पुढे मिळणाऱ्या उत्तरासाठी कोरी सोडावी. विनंती नेमकी असावी. ‘प्रभो, दौरा आशीर्वादित कर’ ही प्रार्थना मनापासून केलेली असली, तरी तिच्यासमोर पुढे काय लिहायचे हे कोणालाच ठरवता येत नाही.

अंत्युखिया शहरातील मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, उपवास व प्रार्थना करून, बर्णबा आणि शौल (हाच पुढे पौल म्हणून ओळखला गेला) यांच्यावर हात ठेवून त्यांची रवानगी केली, असे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात आहे. आपल्या पाळकांनाही तशीच विनंती करावी आणि घरी राहणाऱ्या तीन-चार जणांशी प्रार्थनेची वेळ ठरवून घ्यावी. उदाहरणार्थ, केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. तिथे सकाळी साडेसहाला गट गुडघे टेकतो तेव्हा पुण्यात नऊ वाजलेले असतात. जे आपल्या हातात आहे ते मात्र प्रार्थनेवर ढकलू नये. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरले जाते, म्हणून लस वेळेत घ्यावी.

तिथे पोहोचल्यावर रोज रात्री अर्धा तास वही उघडावी, आणि शक्यतो यजमान मंडळीतील कोणी वडीलधारे सोबत असावेत. त्यांच्या विनंत्या त्यांच्याच शब्दांत लिहाव्यात. आजाऱ्यासाठी प्रार्थना केल्यावर त्याची औषधे बंद करायला कधीही सांगू नये, आणि कोणाचे दुःख नावानिशी मायदेशी सांगण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी.

सर्वांत अवघड काम उजव्या बाजूचे. पश्चिम केनियातील एका गावी आम्ही मुलांचा पाच दिवसांचा बायबल वर्ग घेणार होतो, पण चित्रांचे तक्ते असलेली बॅग विमानतळावर आलीच नाही. मी लिहिले, ‘बॅग उद्या मिळावी.’ दुसऱ्या दिवशी तिथल्या शिक्षिकेने मक्याच्या कणसांना चिंध्या गुंडाळून दावीद आणि त्याने हरवलेला धिप्पाड गल्याथ उभे केले. गल्याथासाठी तिने दोन कणसे एकावर एक बांधली होती. बॅग सहाव्या दिवशी आली. त्या विनंतीसमोर मी ‘नाही’ असे लिहिले आणि खाली वेगळ्या ओळीत कणसांची हकिकत नोंदवली. देवाने काय केले हे सांगण्याच्या उत्साहात आपण काय मागितले होते ते बदलून टाकण्याचा मोह फार मोठा असतो. पौलाने शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही हे त्याने करिंथ शहरातील मंडळीला पत्रातून स्वच्छ कळवले. देवाची कृपा पुरेशी आहे हे उत्तर त्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचले.

काही नोंदींसमोर ‘अजून नाही’ एवढेच लिहावे लागते. अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन 1813 साली ब्रह्मदेशातील रंगूनला पोहोचले आणि तिथला पहिला बाप्तिस्मा 1819 साली झाला. दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर गेलेल्याने परतीच्या विमानात बसण्याआधी फळ मोजायला घेऊ नये.

परत आल्यावर पौल आणि बर्णबा यांनी अंत्युखियाच्या मंडळीला एकत्र बोलावून देवाने केलेले सर्व सांगितले. आपणही साक्ष देताना वहीतूनच वाचावे आणि ‘नाही’ असलेली पानेही वगळू नयेत. उजवी बाजू कोरी राहिलेल्या विनंत्यांची यादी मंडळीच्या प्रार्थनासभेकडे सोपवावी, तिची एक प्रत यजमानांना पाठवावी, आणि तिकडून उत्तर कळेल त्या दिवशीची तारीख त्याच पानावर घालावी.